अनवाणी चालवायची गाडी

या गाडीत बसायचं म्हणजे आधी तिच्याकडे पाठ करायची, मग बूड खाली सोडायचं आणि ते सीटला टेकेपर्यंत धीर धरायचा. त्यानंतर एकेक पाय आत ओढून घ्यायचा. उतरताना हेच सगळं उलट, फक्त धीराऐवजी गुडघे लागतात. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे आणि रोज शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. व्हॅनमध्ये माणूस चढतो. या गाडीत पडतो.

गाडी नवऱ्याची. लाल, दोन सीटांची, लांब नाकाची, कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली. छप्पर माझ्या कमरेच्या जरासं वर. भाईंदरच्या गोडदेवातली आमची घरं जुनी आहेत. चारी बाजूंनी इमारती उठल्या, रस्ता दर डांबरीकरणाला वर चढत गेला आणि शेवटी सिमेंटचा झाला, तेव्हा आमचं अंगण त्याच्या खाली राहिलं. अंगणातून रस्त्यावर यायचा चढ व्हॅन एका दमात घेते. ही गाडी मध्येच पोटावर टेकायची. म्हणून ती बाहेर काढताना चढावर दोन जाड फळ्या लावाव्या लागायच्या. ते काम माझं.

शेजारच्या घरात मोठी जाऊ राहते. गाडी आली त्या दिवशी नवऱ्याला तिच्यात घुसताना बघून ती ओट्यावरून ओरडली, “काय गो, तुजा नवरा गारीन बसतं का गारी नेसतं?”

सगळी आळी हसली. नवराही हसला. त्याला कधी राग यायचा नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडून काही तडीला नेता यायचं नाही.

खारीकडचा आमचा शेवटचा शेताचा तुकडा इमारतीसाठी गेला, तेव्हा भावांनी आपापल्या वाट्यात फ्लॅट घेतले. मी म्हटलं, आपण एक गाळा घेऊ, भाडं येत राहील. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, घरात आम्ही दोघंच. नवरा म्हणाला, “भाडं खाऊन खाऊन भावांची तोंडं बघ कशी झालीत.” आणि ही गाडी घेऊन आला.

गाडीच्या पूजेला सगळेच चपला काढतात. नारळ फुटला की पुन्हा घालतात. याने घातल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढे कायम, हा गाडीत बसण्याआधी दाराशी चपला काढायचा आणि अनवाणी चालवायचा. लांब जायचं असलं तर चपला पिशवीत घालून मागे टाकायचा, जवळ जायचं असलं तर अंगणातच ठेवायचा. मी एकदा विचारलं.

“बाबा शेतात उतरताना चपला बांधावर काढायचे की नाही?” तो म्हणाला. “ही त्याच जमिनीची आहे.”

“बाबांच्या शेतात क्लच नव्हता,” मी म्हटलं.

त्यावरही तो हसला.

क्लचचं मी उगाच बोलले नव्हते. या गाडीची पेडलं उघड्या धातूची आहेत. त्यांना भोकं पाडलेली आणि भोकांच्या कडा वर उचललेल्या, म्हणजे ओला बूटसुद्धा घसरू नये. ती बूट घालणाऱ्यांसाठीच केलेली आहेत. क्लच इतका जड, की व्हॅनच्या सवयीने मी पहिल्यांदा दाबला तेव्हा मला वाटलं गाडी बिघडलीय. त्यात पायांजवळची जागा अरुंद आणि इंजिनाला चिकटून. अर्ध्या तासात तिथे तवा तापल्यासारखं होतं.

नवऱ्याला शुगर बऱ्याच वर्षांची. गोळ्या घ्यायचा, गोडही खायचा. हल्ली चालताना त्याच्या पायातली एक चप्पल मागे राहायची आणि हा तसाच पुढे जायचा. मी मागून चप्पल घेऊन जायची. आम्ही दोघंही ती गंमत समजत होतो.

ऑगस्टमध्ये एका दुपारी व्हॅन लावून घरात आले, तर पांढऱ्या लाद्यांवर दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून टीव्हीपर्यंत लाल ठसे. एकाच पायाचे. नवरा खुर्चीत बसून मॅच बघत होता.

“हे काय सांडलंय गं?” त्यानेच मला विचारलं.

डाव्या पायाच्या करंगळीखाली क्लचच्या कडांनी खड्डा पडला होता. किती दिवसांचा, ते त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि एका नायलॉनच्या बारीक दोऱ्याने दोन्ही तळव्यांना ठिकठिकाणी टोचायला लागल्या. “कळलं की हो म्हणा.” त्या टोचत राहिल्या. मी बघत राहिले. बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, “करा ना सुरू.”

करंगळी काढावी लागली. बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की पाय वाचवायचा असेल तर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही, आणि गाडी चालवायची नाही. “पुन्हा चिघळलं तर मला वरून कापावं लागेल,” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटरीवर आडवा हात ठेवून दाखवला. मऊ तळाच्या, पट्ट्यांच्या खास चपला करून घ्यायला सांगितल्या. आम्ही त्याच आठवड्यात करून घेतल्या.

जखम भरेपर्यंत दिवसाआड ड्रेसिंग होतं, तेही भाईंदर पश्चिमेला, पुलापलीकडे. पहिल्यांदा रिक्षाने गेलो. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात उडाली की त्याचा पाय पुढच्या दांडीवर आपटायचा, आणि त्याला कळत नसल्यामुळे तो बाजूला घ्यायचा नाही. मीच तो हातात धरून बसायची. मग व्हॅन काढली. व्हॅनची पायरी उंच, डाव्या पायावर भार द्यायचा नाही, आणि माणूस वजनदार. मी खालून ढकलतेय, तो वरून हँडलला लटकतोय, आणि जाऊ ओट्यावरून सांगतेय, “सिलिंडर चरवल्यावानी चरव गो त्याला.”

तेव्हा तो म्हणाला, “तू माझी गाडी चालव. तिच्यात मला पडायचंच तर आहे.”

मला पटलं. उतरवताना मी दोन्ही हात धरून ओढू शकत होते, चढवताना नाही. शिवाय गाडी नुसती उभी ठेवली की बॅटरी उतरते. शिकायचं ठरवलं.

वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला नव्याने शिकावं लागलं. व्हॅनमध्ये मी लोकांच्या डोक्यावरून बघते. इथे माझे डोळे पाण्याच्या टँकरच्या चाकाच्या नटांसमोर यायचे. रिक्षाचा धूर सरळ तोंडावर. बसवाल्याला मी दिसायचीच नाही, त्यामुळे तो माझ्यावर गाडी घालतोय हे गृहीत धरूनच चालवायचं. गाडीचं नाक कुठे संपतं ते दिसत नाही, अंदाजाने धरावं लागतं. व्हॅनचं स्टिअरिंग आधी थोडं रिकामं फिरतं, मग ती सावकाश वळते. हिचं बोटभर हलवलं की ती वळलेली असायची. पहिल्या दिवशी मी पुलावर दुभाजकाला जाऊन भिडणारच होते.

“तुला रताळं सोलायचं नाहीये,” नवरा म्हणाला. “हात सैल सोड.”

“गप्प बसा आणि पाय वर घ्या.”

स्पीडब्रेकर सरळ घेतला तर गाडी मधोमध घासते. म्हणून तिरकं जायचं, आधी एक पुढचं चाक चढवायचं, मग दुसरं. तेवढ्या वेळात मागचे सगळे हॉर्न वाजवतात. एकाने बाजूने जाताना काच खाली करून सांगितलं, “मॅडम, उठाके ले जाओ ना!” काही ब्रेकर असे, की तिरकं जाऊनही सुटका नाही. ते टाळून जायचे रस्ते मी पाठ केले. ज्या शहरात मी लग्नानंतर सगळं आयुष्य काढलं, त्याचा नवाच नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला. त्यात दुकानं, देवळं, शाळा नव्हत्या. नुसते उंचवटे आणि पाणी साचायच्या जागा होत्या. पाण्यात तर तिला घालायचंच नाही. व्हॅन पाणी कापत जाते. हिची रुंद टायरं पाण्यावर तरंगतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

हे सगळं गर्दीत शिकता येईना, म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही उत्तनच्या रस्त्याला गेलो. रस्ता ओला, वळणावळणाचा, रहदारी कमी. एका उताराच्या वळणावर समोर कुत्रं आलं आणि मी वीस वर्षांच्या सवयीने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. व्हॅन अशा वेळी डोलते, कण्हते, आधी सांगते आणि मग घसरते. ही काहीच सांगत नाही. शेवटपर्यंत रस्त्याला चिकटून राहते आणि एका क्षणी सोडून देते. गाडीचं बूड बाजूला निघालं आणि समोर रस्त्याऐवजी झाडी दिसायला लागली.

“परत दे,” नवरा म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. “थोडा दे. ब्रेक नको. जिकडे जायचंय तिकडे बघ.”

मी दिला. गाडी सरळ झाली. कुत्रं कधीच निघून गेलं होतं. मी कडेला थांबून पाणी प्यायले.

“तुम्हाला आधीच कळलं होतं ना, ती सुटणार म्हणून?”

“हो.”

“कसं? पायाला तर काही कळत नाही तुमच्या.”

“कमरेला कळतं,” तो म्हणाला. “सीटमधून येतं सगळं. पाय लागतच नाहीत.”

तेव्हा मला समजलं, की डॉक्टरीणबाईंचं बोलणं याने मनात घेतलेलंच नाही. व्हॅनमध्ये पायांना काही कळलं नसतं तर त्याचं दुसऱ्या दिवशी अडलं असतं. पण या ठेंगण्या गाडीत माणूस रस्त्याला जवळजवळ घासत बसतो, आणि रस्ता त्याच्या पाठीला, कमरेला सगळं सांगत असतो. आपले पाय गेलेत हे तिच्यात बसल्यावर त्याला कधी जाणवलंच नव्हतं.

चपलांवरून दर वेळी व्हायचं. डाव्या सीटवर बसतानाही तो काढायला जायचा. मी चावी फिरवायची नाही. मग तो घालून बसायचा, पण पाय जमिनीपासून बोटभर वर धरून, दुसऱ्याच्या घरात चुकून चपला घालून शिरल्यासारखा. पुलाच्या चढापर्यंत पाय थकले की खाली टेकायचे. मी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

जखम भरत आली. ऑक्टोबरमध्ये बाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बंद होईल. मीही मनात तसंच धरून चालले होते. फरशीवर, अंगणात, बाथरूममध्ये त्याच्या पायात चपला आहेत का, एवढं बघायचं. बाकी सोपं होतं.

त्या महिन्यात ऊन फार होतं. एका दुपारी मधल्या फेरीला घरी डोकावले तर अंगणात गाडी नव्हती. चढावर फळ्या वाकड्यातिकड्या पडलेल्या. आणि जिथे गाडीचं उजवं दार येतं, बरोबर तिथे त्या खास चपला एकाशेजारी एक लावून ठेवलेल्या होत्या.

फोन केला. उचलला नाही. व्हॅनमध्ये मुलं होती, त्यांना सोडणं भाग होतं. शेवटचं मूल उतरवून परत आले तर गाडी जागेवर आणि नवरा खुर्चीत, पाय स्टुलावर.

“पालीला जाऊन आलो,” त्याने सांगितलं. उत्तनजवळच्या पालीला त्याचा शाळेपासूनचा मित्र आहे, मासेमारी करणारा. “एकदाही घासली नाही. एकदाही! आणि तू म्हणतेस पाय गेले.”

“चपला?”

“बसताना काढल्या. राहिल्या.”

“आणि पालीला उतरल्यावर?”

“त्याचं घर काय, रस्त्यालाच आहे.”

त्याचं घर रस्त्याला नाही. मी गेलेय तिथे. मोठ्या रस्त्यावर गाडी लावून गल्लीने बरंच आत चालत जावं लागतं. त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. गल्ली सिमेंटची, आणि वर सावली नाही.

पायाची पट्टी स्वच्छ होती. जरा जास्तच.

“पट्टी कुणी बदलली?”

“घामाने ओली झालेली. मी बांधली नवीन. अगं, मला काय लहान समजतेस का?”

पट्टी घरी सोडायची नाही अशी बाईंची ताकीद होती. त्यात मध्ये सणाची सुट्टी येऊन ड्रेसिंग पुढे गेलं. त्याला ताप नव्हता, दुखत तर नव्हतंच, तो जेवत होता, हसत होता.

सुट्टी संपल्यावर मी गाडी काढली, त्याला आत सोडलं, दार लावलं. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला थांबलो आणि मला वास आला. व्हॅनमध्ये वारा इकडून येतो नि तिकडून जातो, डब्यात काय सांडलंय ते कळत नाही. ही गाडी पत्र्याच्या पेटीसारखी बंद. आधी वाटलं, गाडीखाली काही मेलंय. काच खाली केली. वास आतलाच होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर सिग्नलकडे बघत होता.

“कधीपासून येतोय?” मी विचारलं.

“कालपासून,” तो म्हणाला. मग म्हणाला, “हिरवा झाला. चल.”

त्या दिवशी मी एकही ब्रेकर तिरका घेतला नाही.

बाईंनी पट्टी उघडली. टाचेपासून पुढपर्यंत कातडं भाजून सुटलं होतं. उजव्या पायाचा मोजा काढला, तिथेही फोड होते, पण फुटलेले नव्हते. करंगळीच्या जागची भरत आलेली जखम उसवली होती, आणि तिच्यात वाळू होती आणि माशाचा एक खवला. बाईंनी तो चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवला. काही विचारलं नाही. नंतर पालीच्या मित्राचा फोन आला तेव्हा तो रडत होता. “वहिनी, मी बोललो त्याला, पाय भाजतील रे, माजी चप्पल घाल. तर बोलतो कसा, मला काय होत न्हाय. आन् खरंच, उन्हात उभा राहून अर्धा तास गप्पा मारल्या हो त्यानी.”

पाय गुडघ्याखाली गेला. आत नेण्याआधी त्याने बाईंना एवढंच विचारलं, “गुडघा ठेवणार ना?”

“तो राहावा म्हणूनच घाई करतेय,” त्या म्हणाल्या.

तो घरी आल्यावर मी व्हॅनच्या फेऱ्या चालू ठेवल्या. मी नसताना जाऊ येऊन बसायची. ती आता थट्टा करत नव्हती, त्यामुळे घर जास्तच आजारी वाटायचं. गाडी अंगणात उभी होती. एकदा संध्याकाळी आले तर कुबड्या गाडीला टेकवलेल्या आणि नवरा आत, चालवायच्या सीटवर. आधी वाटलं, हट्टाने तिथे बसलाय. मग लक्षात आलं, की त्याला त्याच बाजूने उतरता येणार होतं. डाव्या दाराने बाहेर पडायला आधी डावा पाय टाकावा लागतो.

मी दुसऱ्या बाजूने जाऊन डाव्या सीटवर बसले. तिथून गाडी मला अनोळखी वाटली.

“क्लच हातावर घेता येतो,” तो म्हणाला. “तसं करून देणारे आहेत. मी फोन करून विचारलंय.”

“आणि ब्रेक?”

“उजवा आहे ना.”

“त्याला किती कळतं?”

त्याने गिअर हलवून बघितला. मग म्हणाला, “इतकी वर्षं चालवली. कुणाला कधी लागलं का?”

“सकाळी सात वाजता मी याच गल्लीतून बाहेर पडते,” मी म्हटलं. “मागे मुलं असतात. पुढच्या सीटवर सगळ्यांत लहान बसतं, त्याला खिडकी लागते. समोरून तुम्ही आलात, तर मी त्या मुलाच्या आईला आधीच सांगून ठेवू का, की माझ्या नवऱ्याला कमरेने कळतं?”

मी आवाज चढवला नव्हता. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. दोन्ही डाव्या मांडीवर. रस्त्यावरून माणसं जात होती. आम्हाला खालून त्यांचे फक्त पाय दिसत होते.

“गिऱ्हाईक बघ,” तो म्हणाला.

मग त्याला बाहेर काढायला मला आणि जावेला मिळून बराच वेळ लागला.

गाडी वसईच्या एका माणसाने घेतली. तिशीतला, दाढी कोरलेली, हातात आधीच नवी चावीची साखळी. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, मग मला विचारलं, “आंटी, कोई प्रॉब्लेम तो नहीं ना?”

मी त्याला सांगितलं. बूट घालून चालवायची. ओल्या रस्त्यावर वळणात एकदम पाय उचलायचा नाही. ती आधी सांगत नाही, सरळ सोडते. ब्रेकर तिरके. पाणी दिसलं की दुसरा रस्ता. तो “हां, हां” करत फोनमध्ये गाडीचे फोटो काढत होता. नवरा खिडकीपाशी होता. गाडी चढावरून जाताना त्याने बघितलं की नाही, ते मी बघितलं नाही. मी फळ्या धरून उभी होते.

आता रोज संध्याकाळी दिवा लागला की मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसते. उजवा पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यांत बघते, तळव्याखाली हातातला आरसा धरते. तो पेपर वाचत असतो, किंवा पेपर धरून असतो. चौकशी करत नाही. त्याला त्या पायाचं काही कळत नाही, तेव्हा त्याच्या वाटचं ते मलाच कळून घ्यावं लागतं. मी तेल लावते, मोजा चढवते, चप्पल बांधते, आणि त्याच हातांनी उठून भाकऱ्या करायला जात नाही, आधी साबणाने धुते.

टाचेला एक भेग पडलीय. अजून कोरडी आहे.